एटीएम कार्डाएवढा कारभारी

केंब्रिजमध्ये एबन अप्टन आणि सहकाऱ्यांनी मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लागावी म्हणून रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक तयार केला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला. पुढच्याच वर्षी पॉलस स्काउट्सेन यांनी 'होम असिस्टंट' ही मुक्त प्रणाली लिहायला घेतली आणि या बोर्डाला घर सांभाळायचं काम मिळालं.

दारावरच्या सेन्सरचंच बघा. दार उघडलं की त्यातलं चुंबक बाजूला सरकतं, सेन्सर झिगबी रेडिओवरून संदेश धाडतो, यूएसबीत खोचलेला डोंगल तो पकडतो. मग पाय आपला नियम तपासतो. सूर्य मावळला असेल तर पॅसेजमधला दिवा लागतो. सगळा व्यवहार घरातल्या घरात, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी अडत नाही. (वीज गेली की मात्र कारभारीही झोपतो. छोटा यूपीएस हवाच.)

खरं दुखणं मेमरी कार्डाचं. सेन्सरच्या नोंदी डेटाबेसमध्ये सतत लिहिल्या जातात, त्याने मायक्रोएसडी कार्ड झिजतं आणि एखाद्या सकाळी यंत्रणा सुरूच होत नाही. तेव्हा एसएसडी लावावी, बॅकअप दुसरीकडे ठेवावा.

स्विचमागे दिवा चालू-बंद करणारा रिले बसवायचा असेल, तर इलेक्ट्रिशियनलाच बोलवा. बोर्ड ५ व्होल्टवर चालतो, भिंतीत २३० आहेत.