घाण्यामागे पळीभर तेल

कफ परेडच्या मच्छीमार नगरातील एका वाचकाने पृच्छा केली आहे की, थोर ज्योतिर्विदांच्या जन्मस्थानी स्मृतिफलक बसविण्याची चाल जगात सर्वत्र असताना, आपल्या भास्कराचार्यांचा फलक न्याय्य रीतीने कोणत्या गावाच्या वाट्याला यावा? प्रश्न रास्त आहे, पण गोत्यात टाकणारा आहे. आपला जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये, झाल्याचे आचार्यांनी स्वतःच नमूद केले असून सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नामक नगराचा निर्देशही केला आहे. परंतु ते नगर म्हणजे विजापूर, की बीड, की चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, आणि प्रत्येक पक्षाचा आवेश त्याच्या पुराव्याहून अंमळ अधिकच असतो.

या वादापेक्षा मला अधिक मोलाची वाटते ती पाटण येथील भवानीच्या देवळातील शिळा, जिचा मजकूर प्रथम जगापुढे मांडला तो मुंबईच्या एका वैद्याने. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव भायखळ्याच्या संग्रहालयावर हजारो लोक वाचतात. परंतु रोग्यांच्या नाड्या पाहता पाहता याच गृहस्थाने आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या कालनिर्णयाचा प्रश्न हाती घेतला आणि १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर निबंध लिहून त्यात या शिलालेखाची दखल घेतली, ही गोष्ट फारशी कोणाच्या कानावर जात नाही.

शिळेवर भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने पाटणहून आपल्या दरबारी नेले, आणि नातू चांगदेव हे त्याच वंशातील सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. या चांगदेवांनी आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातील इतर ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापन केला. त्याला निकुंभवंशी सामंत सोइदेव याने दान दिले, आणि त्या दानाची ही सनद होय. आचार्य कोठे जन्मले हे कोरण्याची तसदी चांगदेवांनी घेतली नाही. संस्कृत प्रशस्ती संपून जुनी मराठी सुरू होते तेथे मात्र हिशेब मोठ्या बारकाईने येतो: पाटणच्या बाजारात जो माल उघडला जाईल त्यावरील राजाचा हिस्सा मठास द्यावा, आणि जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे एकेक पळी तेल द्यावे. ग्रहगणिताची पाठशाळा तेल्यातांबोळ्यांच्या जकातीवर चालविण्याची ही तजवीज मला कोणत्याही संगमरवरी फलकाहून थोर वाटते.

दानाची तिथी श्रावणी पौर्णिमा होती आणि त्या दिवशी चंद्रग्रहण होते; इंग्रजी गणनेने ती ९ ऑगस्ट १२०७ येते. आपल्या किनाऱ्यावर कोळी बांधव जिला नारळी पौर्णिमा म्हणतात तीच ही तिथी. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र जवळजवळ एका रेषेत आले म्हणजे समुद्रास उधाण येते, आणि ती रेषा अगदी नेमकी जुळली म्हणजे ग्रहण लागते, इतके शाळेत सर्वांनी वाचलेले असते. परंतु सर्व पौर्णिमांचे उधाण सारखे नसते. चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना भरती अधिक चढते, आणि त्याच वेळी तो आकाशात अधिक वेगानेही सरकतो. एका दिवसात कधी जेमतेम १२ अंश, तर कधी १५ अंशांपर्यंत त्याची मजल जाते.

ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष घटकापळांत सांगू पाहणाऱ्या गणितज्ञास हा लहरी चंद्र फार छळतो. ससून गोदीतून निघालेली होडी दिवसभरात किती कोस गेली एवढ्यावरून ती प्रॉंग्ज दीपस्तंभाजवळ नेमक्या कोणत्या वेगाने जात होती हे जसे कळत नाही, तसेच चंद्राच्या दैनिक गतीवरून ग्रहणक्षणीची गती कळत नाही. म्हणून भास्कराचार्यांनी दैनिक स्थूल गतीहून निराळी अशी सूक्ष्म ‘तात्कालिकी’ गती सांगितली आणि ती काढताना ज्येतील (साइनमधील) अल्पशा फरकाचे प्रमाण कोटिज्येवरून (कोसाइनवरून) घेतले. असा नियम त्यांच्यापूर्वी मुंजाल या ज्योतिष्यानेही दिला होता, हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे.

न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षणाचा नियम भास्कराचार्यांनीच शोधल्याचे जे संदेश आजकाल घरोघर फिरतात, ते लिहिणारे सिद्धान्तशिरोमणी उघडीत नसावेत. पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे असे त्यात खरोखरच म्हटले आहे. पण ती शक्ती अंतराप्रमाणे कशी घटते याचा गणिती नियम तेथे नाही, आणि न्यूटनचे यश त्या नियमात आहे. फलकावर कोरावयाचेच, तर आचार्यांनी ३६ व्या वर्षी लिहिलेल्या त्या ग्रंथातील दुसरे एक विधान कोरावे: ग्रहाचे मध्यम (सरासरी गतीने येणारे) आणि स्पष्ट (प्रत्यक्ष) स्थान यांतील अंतर ज्या ठिकाणी परमावधीस पोहोचते, त्याच ठिकाणी गतीतील फरक शून्य होतो. महत्तम स्थानी बदलाचा दर शून्य असतो, हे महाविद्यालयात कलनशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवितात. ते ११५० मध्ये ग्रहांच्या चालीवरून ओळखलेले होते.