फोन भारी, मग क्लोज-अप ब्लर का?

बॉटनीच्या प्रोजेक्टसाठी जास्वंदीचा फोटो हवाय. हातात नवाकोरा फोन, 50 मेगापिक्सेलचा कॅमेरा. तुम्ही ऐटीत फोन फुलाजवळ नेता आणि... सगळं धूसर! शेजारी मैत्रिणीच्या जुन्या फोनमध्ये मात्र एकेक पुंकेसर स्पष्ट. थांबा, लगेच सर्व्हिस सेंटर गाठू नका. फोन बिघडलेला नसेलही, त्याचा सेन्सर मोठा असेल!

सेन्सर म्हणजे लेन्समागची प्रकाश टिपणारी चिप. ती मोठी असली की जास्त प्रकाश मिळतो, म्हणून गॅदरिंगचे रात्रीचे फोटो झक्कास येतात. पण तेवढीच फ्रेम मोठ्या चिपवर बसवायला लेन्सची फोकल लेंग्थ वाढवावी लागते. अशा लेन्सला जवळची वस्तू फोकस करताना चिपपासून जास्त पुढे सरकावं लागतं आणि सडपातळ फोनमध्ये तेवढी जागाच नसते. शिवाय फोकसमधला पट्टाही अरुंद होतो. पुंकेसर शार्प, तर पाकळी ब्लर!

आयफोनचंच बघा. 13 प्रोचा मुख्य कॅमेरा साधारण 15 सेंटिमीटरवरून फोकस करायचा. 14 प्रोमध्ये सेन्सर मोठा झाला आणि हे अंतर 20 सेंटिमीटरवर गेलं. मग जवळचे फोटो? ते काम अल्ट्रावाइड कॅमेऱ्याकडे. 13 प्रोपासून तो 2 सेंटिमीटरवरूनही फोकस करतो. मात्र त्याचा सेन्सर छोटा, त्यामुळे कमी उजेडात फोटोचा दर्जा घसरतो.

म्हणून फोन घेताना नुसते मेगापिक्सेल मोजू नका. अल्ट्रावाइडला ऑटोफोकस आहे का, हे आधी विचारा. फिक्स्ड फोकस असेल तर क्लोज-अपला त्याचा फारसा उपयोग नाही. स्वस्त फोनमधल्या 2 मेगापिक्सेलच्या ‘मॅक्रो’ कॅमेऱ्यालाही भुलू नका. अनेकदा तो कॅमेऱ्यांची संख्या फुगवण्यापुरताच असतो.

फोन आधीच घेतलाय? मग वीतभर मागे सरका आणि 2एक्स झूम करा. नोट्सचे फोटोही असेच काढा, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री कडेची अक्षरं वाचता येणार नाहीत.

आणि दुकानात गेलात तर खिशातलं आयकार्ड काढा. डेमो फोनने त्याचा जवळून फोटो घ्या, मग झूम करून बारीक अक्षरं वाचा. ती वाचता आली, तरच आईबाबांकडे ईएमआयचा विषय काढा!