बिटकॉइनची किल्ली कोठें ठेवावी?

दागिने कोठें ठेवावे, हा प्रश्न आपल्या घरांत नवा नाहीं. कपाटाच्या चोरकप्प्यांत, बँकेच्या लॉकरमध्यें, कीं एखाद्या विश्वासू नातलगापाशीं, यावर वडीलधाऱ्यांचा खल पूर्वापार चालत आलेला आहे. बिटकॉइन आणि त्याच्या जातीचीं आभासी नाणीं यांविषयीं हाच प्रश्न विचारला, कीं उत्तर मात्र निराळ्याच जागेपासून सुरू करावें लागतें. हीं नाणीं घ्यावीं कीं न घ्यावीं, हा आजच्या भाषणाचा विषय नव्हे. ज्यांनीं तीं घेतलीं आहेत, त्यांनीं तीं सांभाळावीं कशीं, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

पहिली गोष्ट ही, कीं पाकिटांत नाणें नसतें. बिटकॉइनची खातेवही ३ जानेवारी २००९ रोजीं सुरू झाली. तिच्या प्रती जगभरच्या हजारों संगणकांवर असून, कोणत्या पत्त्यावर किती नाणीं जमा आहेत, हें तींत कोणासही पाहतां येतें. आपल्यापाशीं असते ती फक्त किल्ली. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या. दशमान पद्धतीनें लिहिली, तर ती सुमारें ७८ आंकड्यांची भरते. तिच्या योगें केलेली सही खातेवही मान्य करते, मग सही करणारा मालक असो वा चोर. दाद मागण्यास व्यवस्थापक नाहीं, आणि एकदां पक्का झालेला व्यवहार मागें घेतां येत नाहीं. 'वॉलेट' हा शब्द रूढ झाला खरा, पण 'जुडगा' म्हटलें असतें तर अधिक शोभलें असतें.

एवढी मोठी संख्या उतरून घेणें जिकिरीचें. म्हणून २०१३ सालीं एक सोय निघाली. २०४८ साध्या शब्दांची एक ठराविक यादी आहे. तींतील १२ किंवा २४ शब्द पाकीट आपल्याला निवडून देतें, आणि त्याच क्रमानें ते पुन्हां भरले, कीं सर्व किल्ल्या नव्यानें उत्पन्न होतात. फोन पाण्यांत पडला तरी शब्द शाबूत असले म्हणजे झालें. उलट शब्द परक्याच्या हातीं गेले, तर यंत्र तिजोरींत असूनही व्यर्थ.

आतां किल्ली ठेवावयाच्या जागा पाहूं. सर्वांत सोपी जागा म्हणजे जिच्याकडून नाणीं घेतलीं ती पेढी, अर्थात एक्स्चेंज. येथें किल्ली पेढीची. आपल्या पदरीं केवळ येणें. फेब्रुवारी २०१४ मध्यें टोकियोची माउंट गॉक्स पेढी बुडाली, तेव्हां सुमारें ८,५०,००० बिटकॉइन नाहींसे झाल्याचें तिनें सांगितलें. पैकीं सुमारें २,००,००० मागाहून सांपडले. जुलै २०२४ मध्यें वझीरएक्स या भारतीय पेढीच्या पाकिटांतून सुमारें २३ कोटि डॉलरचा ऐवज चोरीस गेला. तें पाकीट साधें नव्हतें. अनेकांच्या सह्या पडल्यावांचून तें उघडत नसे. पुढें वर्षाहून अधिक काळ ग्राहकांस आपलीं नाणीं काढून घेतां आलीं नाहींत. पेढीवर विसंबूं नये असें नव्हे. परंतु देवघेवीपुरती रक्कम तेथें असावी, वर्षानुवर्षांची पुंजी नसावी.

दुसरी जागा आपला फोन किंवा संगणक. किल्ली आपली, पण ती सदैव इंटरनेटशीं जोडलेल्या यंत्रांत. पत्ता नकलून चिकटवतांना मध्येंच चोराचा पत्ता घालणारे प्रोग्राम आहेत. खिशांत नेतों तेवढीच रक्कम येथें ठेवावी.

मोठ्या रकमेसाठीं हार्डवेअर वॉलेट हें माझ्या मतें उत्तम. प्राग येथील ट्रेझर हें अशांपैकीं एक जुनें यंत्र; तें २०१४ सालीं बाजारांत आलें. संगणक कच्चा व्यवहार यंत्राकडे पाठवितो, सही आंत होते, आणि बाहेर येते ती केवळ सही. किल्ली बाहेर येत नाहीं. मात्र यंत्राच्या चिमुकल्या पडद्यावरील पत्ता आणि रक्कम ताडून पाहण्याचा कंटाळा करूं नये. फेब्रुवारी २०२५ मध्यें बायबिट पेढीचें सुमारें दीडशें कोटि डॉलरचें नुकसान झालें, तें येथेंच: संगणकावर एक व्यवहार दिसत होता, आणि सही पडली दुसऱ्यावर. यंत्र थेट उत्पादकाकडून घ्यावें. शब्द आधींच छापून आलेले असले, तर तें वापरूंच नये.

शब्दांच्या चिठ्ठीचें काय? फोटो काढूं नये, ई-मेलमध्यें ठेवूं नये, 'कंपनीकडून' फोन आला तरी सांगूं नये. कागद पुरतो, परंतु मुंबईची दमट हवा आणि वाळवी यांना त्याचें कौतुक नाहीं. पोलादी पट्टीवर अक्षरें ठोकून एक प्रत घरीं व एक लॉकरमध्यें ठेवणें बरें.

श्रोतेहो, चोरीइतकीच धास्ती विस्मृतीची आणि मृत्यूची आहे. बँकेंत वारस दाखला घेऊन जातां येतें. येथें दाखला पाहणारा कोणी नाहीं. म्हणून अशी मालमत्ता आहे, यंत्र कोठें आहे आणि पट्टी कोठें आहे, हें घरांत निदान एकास ठाऊक असावें. मृत्युपत्रांत शब्द लिहूं नयेत, कारण तें अनेकांच्या नजरेखालून जातें. जागेचा उल्लेख पुरे. आणि मोठी रक्कम भरण्यापूर्वीं अगदीं थोडी ठेवून, यंत्र कोरें करून, शब्दांवरून तें पुन्हां उभें करून पाहावें. हें काम पतिपत्नींपैकीं ज्याला या प्रकरणांत मुळींच रस नाहीं, त्यानें करावें, आणि दुसऱ्यानें नुसतें शेजारीं बसावें.