कळंबहून विकलेला स्वल्पविराम

एक लाख हा आकडा आपण १,००,००० असा लिहितो. वूकॉमर्स या वर्डप्रेसवरच्या विक्री-जोडणीवर चालणारं ऑनलाइन दुकान मात्र तो १००,००० असा दाखवतं. ते ज्या भाषेत लिहिलेलं आहे त्या पीएचपीमधलं आकडे मांडणारं नेहमीचं फंक्शन उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडत जातं. लाख-कोटी त्याच्या गावीही नसतात. पाचशे रुपयांच्या साडीला याने काही फरक पडत नाही. पण दागिने, पंपसेट किंवा सोफे विकणाऱ्याचं गिऱ्हाईक किंमत वाचताना अडखळतं, शून्यं मोजत बसतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबमध्ये बसून जे प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, लिहितो आणि विकतो, त्याचं अर्धं काम हा स्वल्पविराम जागेवर नेण्याचं आहे.

उरलेलं अर्धं काम मराठी कळफलकाचं. मोबाइलवर मराठी कळफलक ठेवणारी माणसं पिनकोडच्या चौकटीत सरळ ४४५४०१ असं देवनागरीत टाकतात, आणि दुकान सांगतं, पिनकोड चुकीचा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी अंकांच्या जागा इंग्रजी अंकांपेक्षा वेगळ्या आहेत आणि तपासणी फक्त इंग्रजी अंक ओळखते. यूटीएफ-८ मध्ये आपला एकेक अंक तीन बाइट घेतो, त्यामुळे बाइट मोजणाऱ्या फंक्शनला सहा अंकी पिनकोड अठरा लांबीचा दिसतो. मोबाइल नंबरचंही तेच. माणसाने बरोबर लिहिलेलं असतं आणि ऑर्डर तिथेच अडते. हे मला अजूनही मनापासून खटकतं, म्हणूनच हे काम मी धरून आहे.

या सगळ्याखाली वर्डप्रेस आहे, वेबसाइट बांधण्याचं सॉफ्टवेअर. ते २००३ साली आलं आणि पुढच्याच वर्षी, १.२ या आवृत्तीत, त्याला प्लगइनची सोय मिळाली. मूळ कोडमध्ये जागोजागी खुंट्या ठोकून ठेवल्यासारखी ही रचना आहे. त्यांना हुक म्हणतात. मूळ कोडला हात न लावता आपलं काम तिथे अडकवायचं. वूकॉमर्स किंमत छापायच्या आधी ती एका फिल्टरमधून जाऊ देतं. तिथे मी आकडा पकडतो, शेवटचे तीन अंक बाजूला ठेवतो, उरलेल्यांच्या दोन-दोनच्या जोड्या करतो आणि परत देतो. हे करणारी तयार सोय पीएचपीच्या इंटल नावाच्या जोडणीत आहे, पण स्वस्तातल्या होस्टिंगवर ती असेलच याचा भरवसा नाही. म्हणून स्वतःचं फंक्शन लिहावं लागतं. ते ओळी-दोन ओळींचं होतं. सवलतीचे उणे आकडे, पैशांचा दशांश, शून्य किंमत, ‘पासून ते पर्यंत’ अशा दुहेरी किमती हे सगळं तपासायला त्याहून कितीतरी जास्त कोड लागतो.

आणि ते एकदा करून भागत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या वूकॉमर्स ८.३ पासून नव्या दुकानांत कार्ट आणि चेकआउट ब्लॉक पद्धतीचे झाले. तिथे किंमत सर्व्हरवर छापली जात नाही, गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट ती मांडतं. वेगाच्या दृष्टीने हा बदल योग्यच आहे. पण पीएचपीतला तो फिल्टर तिथवर पोचत नाही. वणीच्या एका दागिन्यांच्या दुकानदारांचा फोन आला, “भाऊ, आतमधी भाव बरोबर हाय, कार्टात गेलं की जुन्यासारखाच दिसून राह्यला.” तेवढ्या वाक्यावरून कुठे पाहायचं ते कळलं. एरवी त्यांच्या साइटची नक्कल करून सगळी प्लगइन बंद करायची आणि एकेक चालू करत दोष कुठे उगवतो ते पाहायचं, हा लांबचा रस्ता ठरलेला. त्यात लाइन गेली की इन्व्हर्टरवर जेवढं होईल तेवढं.

प्लगइन वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात ठेवायचं तर आधी तपासणी होते. गिऱ्हाइकाने भरलेला मजकूर स्वच्छ करून घेतला आहे का, पडद्यावर दाखवताना तो निर्धोक केला आहे का, सेटिंग बदलणाऱ्याला तो अधिकार आहे का, हे सगळं पाहतात. नावाची सुरुवात दुसऱ्याच्या ट्रेडमार्कने करता येत नाही. मंजुरी मिळाली की एसव्हीएन या कोड साठवण्याच्या व्यवस्थेवर जागा मिळते आणि तिथे कोड चढवायचा. भांडारातल्या प्लगइनमध्ये काही भाग कुलूपबंद ठेवून ‘पैसे भरा, उघडेल’ असं करायला मनाई आहे. म्हणून फुकटचं प्लगइन आपल्या पायावर पूर्ण असावं लागतं आणि विकायचं ते वेगळं, बाहेरून द्यावं लागतं.

गावात कोणाला हा धंदा समजावताना इथेच गाडी अडते. वर्डप्रेस जीपीएल परवान्याखाली आहे, त्यामुळे माझं विकतचं प्लगइनही त्याच परवान्याने जातं. ज्याने ते विकत घेतलं तो ते दुसऱ्याला देऊ शकतो, बदलू शकतो, पुन्हा विकूही शकतो. मग लोक पैसे कशाचे देतात? वर्षभराच्या अपडेटचे आणि फोन उचलला जाईल याचे. लायसन्स की वर्षाने संपते, तरी प्लगइन चालतच राहतं. नवी आवृत्ती येणं आणि मदत तेवढी थांबते. इंटरनेटवर फुकट फिरणाऱ्या प्रतींमध्ये पुष्कळदा चोरवाटा घुसवलेल्या असतात, हे मी दुकानदारांना सांगतो. पण माझं पोट त्या भीतीवर चालत नाही. नूतनीकरण करणारे जवळपास सगळे कधी ना कधी माझ्याशी बोललेले आहेत.

प्लगइनचे पैसे परदेशातून आले तर त्यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. बँकेत पैसे कशासाठी आले ते सांगणारा पर्पज कोड द्यायचा, पैसे बाहेरून आल्याचा कागद जपायचा, जीएसटी नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, भरायचं. यवतमाळचे सीए ते पाहतात.

प्लगइन थोडं चाललं की ते विकत मागणारे ईमेल येऊ लागतात. मी उत्तर देत नाही. डिस्प्ले विजेट्स नावाचं प्लगइन दोन लाखांवर साइटवर होतं. ते विकलं गेलं आणि नव्या मालकाच्या अपडेटमधून त्या साइटवर स्पॅम उतरू लागला. अखेर २०१७ मध्ये ते भांडारातून काढून टाकलं. अपडेटचं बटण दाबणाऱ्याचा विश्वास लेखकावर असतो, खरेदीदारावर नसतो. पुढे २०२४ च्या जूनमध्ये काही लेखकांची खाती फोडून त्यांच्या प्लगइनमध्ये घातक कोड घुसवला गेला. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून प्लगइन लेखकांना लॉगिनसाठी दुहेरी पडताळणी सक्तीची झाली.

हा धंदा महाराष्ट्रात नवा नाही. पुण्याची ब्रेनस्टॉर्म फोर्स ही कंपनी आधी कोडकॅन्यन या ऑनलाइन बाजारात जोडण्या विकत होती. तिची अ‍ॅस्ट्रा थीम पुढे दहा लाखांवर साइटवर पोचली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली, आणि शिकलेल्या पोरांना पुणं आणखी जवळ वाटायला लागलं. त्यातलं कोणी विचारायला आलं तर मी त्याला आधी कोड लिहायला सांगत नाही. आवडतं एखादं प्लगइन निवडायचं आणि वर्डप्रेसच्या भाषांतर-पानावर त्याची वाक्यं मराठीत करायची. प्रत्येक वाक्य पडद्यावर कुठे येतं ते शोधताना त्या प्लगइनची रचना आपोआप उलगडते, आणि चुका तपासणारा अनुभवी संपादक फुकटात मिळतो. ९० टक्के वाक्यं मंजूर झाली की मराठीचा पॅक तयार होतो आणि मराठीत ठेवलेल्या साइटना तो अपडेटसोबत जातो. कोडकडे त्यानंतर वळायचं.