चोवीस तास चालू असलेली हार्ड डिस्क लवकर का झिजते? 'हेड पार्किंग'चं गणित

फोनच्या स्टोरेजमध्ये हलणारा एकही भाग नसतो. त्यामुळे डिस्क 'घासून' खराब होते हे ऐकलं की आपल्याला जुन्या जमान्यातलं वाटतं. पण फोन भरला की फोटो जातात कुठे? घरच्या कॉम्प्युटरमध्ये, एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, नाहीतर क्लाउडवर. आणि क्लाउडमागच्या डेटा सेंटरमध्येही मोठा साठा अजून हार्ड डिस्कवरच असतो.

आमच्या वडवणीत माझ्या एका मित्राचा फोटो स्टुडिओ आहे. जुना कॉम्प्युटर कायम चालू ठेवून त्याचा सर्व्हर करायचा, लग्नाचे फोटो थेट त्यात टाकायचे, असा त्याचा बेत. "डिस्क कुठलीबी चालंल ना रे?" असं त्यानं विचारलं. तर नाही, कुठलीही चालत नाही.

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या फिरत असतात, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे. वाचणारं-लिहिणारं हेड तबकडीला टेकत नाही. हवेच्या थरावर तरंगतं, अंतर फक्त काही नॅनोमीटर. काम नसलं की हेड तबकडीच्या कडेला असलेल्या प्लास्टिकच्या छोट्या उतारावर नेऊन ठेवतात. यालाच हेड पार्किंग म्हणतात. फायदा खरा आहे: धक्का बसला तरी हेड तबकडीवर आपटत नाही, शिवाय हवेचा अडथळा कमी झाल्यानं थोडी वीज वाचते.

पण प्रत्येक चढ-उताराला घासणं आलंच. म्हणून कंपन्या आकडा देतात. घरगुती वापराच्या अनेक डिस्कसाठी तो ३ लाख वेळा असतो, नास म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांनी मिळून वापरायच्या स्टोरेजसाठी बनवलेल्या अनेक डिस्कसाठी ६ लाख. ऐकायला भरपूर वाटतं ना?

आता सर्व्हर काय करतो बघा. तो झोपत नाही, पण सतत कामातही नसतो. मधूनमधून लॉगच्या दोन ओळी लिहितो, बस. समजा डिस्क ८ सेकंद रिकामी राहिली की हेड पार्क करते आणि सर्व्हर दर ३० सेकंदांनी काहीतरी लिहितो. मिनिटाला २ वेळा, दिवसाला २,८८० वेळा. ३ लाखांचा आकडा १०४ दिवसांत संपला! बीड-परळी रस्त्यावरच्या काळीपिवळीवाल्यानं डिझेल वाचवायला दर थांब्याला इंजिन बंद करून परत सेल मारावा, तसं हे. डिझेल वाचेल, सेल्फची वाट लागेल.

८ सेकंद हा आकडा मी मनानं घेतलेला नाही. वेस्टर्न डिजिटलच्या 'ग्रीन' मालिकेतल्या डिस्कमध्ये तेवढीच वेळ ठरलेली होती. त्या वीज वाचवायला बनवलेल्या, घरच्या कॉम्प्युटरसाठी. स्वस्त म्हणून लोकांनी त्या सर्व्हरमध्ये लावल्या आणि आकडे लाखांत गेले. ही वेळ वाढवायला 'डब्ल्यूडीआयडल३' नावाचं छोटं टूल होतं. बदलल्यावर डिस्कचा वीजपुरवठा पूर्ण बंद करून परत चालू करावा लागायचा, नुसतं रीस्टार्ट चालत नसे. पुढे २०१२ मध्ये नाससाठी 'रेड' मालिका आली, पण तिच्यातल्याही काही डिस्कना याच कारणासाठी दुरुस्ती द्यावी लागली. म्हणून माझं मत: डब्यावरचं नाव वाचा, पण विश्वास आकड्यावर ठेवा.

तो आकडा डिस्क स्वतःच लिहून ठेवते. विंडोजवर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' उघडा आणि 'लोड/अनलोड सायकल काउंट' शोधा. लिनक्सवर 'स्मार्टमॉनटूल्स'मध्ये तो १९३ क्रमांकावर दिसेल. एक गंमत आहे, क्रिस्टलडिस्कइन्फो आकडे सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये दाखवतं. तिथं ४९३ई० दिसलं तर ते ३ लाख आहेत! सेटिंगमधून रॉ व्हॅल्यू दशमान करून घ्या. मग आकडा लिहून ठेवा आणि आठवड्यानं परत बघा. एकूण किती झाला यापेक्षा रोज किती वाढतो ते महत्त्वाचं. ३ लाख ओलांडले म्हणजे डिस्क त्याच दिवशी मरते असं नाही, कित्येक डिस्क त्यापुढेही चालतात. पण लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत, त्यामुळे मित्राला मी नासची डिस्क घ्यायला लावली आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर. ती प्रत होईपर्यंत मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

राहिला आपल्याकडचा खास प्रश्न, लाइट जाण्याचा. वीज अचानक गेली की तबकड्या लगेच थांबत नाहीत. त्या फिरत्या मोटरचाच जनरेटरसारखा उपयोग करून डिस्क हेड घाईघाईनं उतारावर ओढते. हे पार्किंग नेहमीपेक्षा जास्त दणक्याचं असतं. म्हणून सर्व्हरला यूपीएस लावाच, आणि बॅटरी उतरायच्या आत कॉम्प्युटर आपोआप नीट शटडाउन होईल अशी सेटिंग करा. किती वेळा अशी घाई झाली तेही त्याच यादीत असतं, बऱ्याच डिस्कमध्ये एक ओळ वर, १९२ क्रमांकाला.