ऑनलाइन अध्ययन-साहित्याची सुगम्यता : मराठी टंकलेखनाचा प्रश्न (शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात)

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात १८९२ साली पूर्ण झालेल्या तानसा धरणाचे पाणी मुंबईस जाते. तथापि उन्हाळ्यात याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना टँकरवर अवलंबून राहावे लागते. साधन जवळ असणे आणि ते हाती येणे यांत अंतर असते. अध्ययन-साहित्याच्या बाबतीतही हेच आढळते. २०२० च्या टाळेबंदीपासून टिपणे व्हॉट्सअ‍ॅप, गुगल क्लासरूम किंवा संकेतस्थळावरून देण्याची पद्धत महाविद्यालयांत रूढ झाली. परंतु दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या हाती ती खऱ्या अर्थाने पडतात काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वास मान्यता मिळाली. कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, तर कलम ४२ माहिती व संज्ञापन साधनांतील आशय सुगम्य स्वरूपात उपलब्ध करण्याविषयी आहे. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक नव्हे, तर बंधनकारक असावेत, असे स्पष्ट केले. तात्पर्य, सुगम्यता ही प्राध्यापकाची सवलत नसून विद्यार्थ्याचा हक्क होय.

मूळ अडचण

दृष्टिबाधित विद्यार्थी संगणकावर एनव्हीडीएसारखा विनामूल्य स्क्रीन रीडर किंवा अँड्रॉइड मोबाइलवर टॉकबॅक वापरतो. ही साधने अक्षराचा आकार पाहत नाहीत. त्यामागील संकेतांक वाचतात. मराठीची खरी अडचण येथे आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले असतात. त्यात टंकलिखित केलेला ‘भारत’ हा शब्द डोळ्यांना बिनचूक दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र तो ‘एच, के, के, जे, आर’ एवढाच असतो आणि विद्यार्थ्याच्या कानी निरर्थक ध्वनी पडतात. पुस्तकाची पाने स्कॅन करून केलेली पीडीएफ तर निव्वळ चित्र असते. सर्वसाधारणपणे तिच्यातून काहीच ऐकू येत नाही. परिणामी विद्यार्थ्याला प्रत्येक पानासाठी वाचून दाखवणारी व्यक्ती शोधावी लागते. वाचक मिळाला नाही, तर त्या दिवसाचा अभ्यास होत नाही.

उपाययोजना

१. युनिकोडचा वापर : टिपणे युनिकोड फाँटमध्ये, शक्यतो इन्स्क्रिप्ट कळफलकावर तयार करावीत. जुन्या फाँटमधील मजकूर परिवर्तकाद्वारे युनिकोडमध्ये आणता येतो. त्यानंतर जोडाक्षरे व रफार तपासून घेणे आवश्यक असते.

२. सोपी चाचणी : धारिकेतील एक ओळ नक्कल करून नोटपॅडमध्ये चिकटवावी. देवनागरी शुद्ध उमटली, तर मजकूर वाचनक्षम आहे. रोमन अक्षरे उमटली किंवा ओळ निवडताच आली नाही, तर तो नाही. युनिकोड मजकुराच्या पीडीएफमध्येही काही वेळा जोडाक्षरे विस्कटतात. म्हणून सोबत वर्ड धारिका द्यावी.

३. रचना : शीर्षके केवळ ठळक न करता वर्डमधील शीर्षक-शैलीने द्यावीत. त्यामुळे विद्यार्थी थेट हव्या त्या प्रकरणाकडे जाऊ शकतो.

४. चित्रे व ध्वनिचित्रफिती : आलेख व नकाशांना पर्यायी वर्णन जोडावे. ‘तानसा खोऱ्याचा नकाशा’ एवढे पुरेसे नाही. नकाशावरून काय शिकवायचे आहे, ते लिहावे. कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी ध्वनिचित्रफितींना उपशीर्षके द्यावीत.

५. ग्रंथांविषयी : प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी ग्रंथाची सुगम्य प्रत ना-नफा तत्त्वावर तयार करण्यास मुभा दिली आहे.

व्यापक लाभ

युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते; म्हणजे २,००० चिन्हांचे पान सुमारे ६ किलोबाइटचे होते. त्याच पानाचे स्कॅन केलेले चित्र बहुधा याच्या कितीतरी पट मोठे असते. मोबाइलची लहर क्षीण असलेल्या दुर्गम पाड्यावरील डोळस विद्यार्थ्यालाही म्हणून युनिकोड टिपणच लवकर मिळते.

समारोप

या कामासाठी स्वतंत्र निधीची वा तज्ज्ञांची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक विभागाने चालू सत्रातील टिपणांना वरील चाचणी लावून जुन्या फाँटमधील साहित्य क्रमाने युनिकोडमध्ये आणावे. दृष्टिबाधित विद्यार्थ्याने प्रवेश घेतल्यावर ही धावपळ करण्यापेक्षा साहित्य आधीच सिद्ध असणे, हेच त्याच्या प्रवेशाला अर्थ देणारे ठरेल.