आजीची कवळी आणि सदुसष्टमधला ‘स’

हेडफोन लावून ऐकायला ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतेय. बोलताना मी दोन-तीनदा अडखळले होते, तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय कवळी. हो, दातांची कवळी. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. तुमचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर असतील, पण घरात आजी-आजोबा आहेत, काहींचे आई-बाबाही त्या वाटेवर आहेत. आणि दातांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेणं, ‘कवळी टोचते काय करावं’ असं मोबाइलवर शोधणं, ही कामं घरातल्या सगळ्यात लहान माणसाकडे येतात. आमच्या घरी ती माझ्याकडे आली. आणि मी पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली.

माझी आजी कराडजवळच्या गावात राहते. शेवटचे चार दात काढले, हिरड्या भरून यायला दोन-अडीच महिने थांबलो, मग मापं झाली आणि वरची-खालची पूर्ण कवळी बसली. त्याच संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल. “शकाळी शकाळी गेलो व्हतो, आत्ता आलो,” असं ती म्हणाली आणि मी हसले. फार नाही, दोन सेकंद. तीही हसली. फोन ठेवला. त्यानंतर आठ दिवस कवळी डबीत आणि डबी कपाटात. मला हे आईकडून कळलं: “अगं, ती परत भात कुस्करून खातेय.”

तेव्हा मी नीट माहिती काढायला बसले. पहिली गोष्ट कळली ती ही, की कवळी म्हणजे ‘नवे दात’ नव्हेत. चष्मा लावला की दिसायला लागतं, तसं इथे होत नाही. खरा दात हाडात रुतलेला असतो. कवळी हिरडीवर नुसती टेकलेली असते. वरची कवळी टाळू झाकते, टाळू आणि प्लास्टिकच्या मध्ये लाळेचा पातळ थर असतो, कडेने हवा आत शिरत नाही, म्हणून ती चिकटून राहते. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात ना, साधारण तसं. खालचीचं नशीब वाईट. तिला टाळू नाही, ती घोड्याच्या नालेसारखी, आणि मध्ये जीभ सतत हलणारी. त्यामुळे कुणालाही विचारा, तक्रार बहुतेक वेळा खालच्या कवळीची असते. आजीला वाटत होतं की तिची एकटीचीच नीट बसली नाही.

मग ती जागेवर ठेवतं कोण? जीभ, गाल आणि ओठ. हे स्नायू हळूहळू शिकतात. सायकल शिकताना तोल कसा येतो हे आपण सांगू शकत नाही, पण येतो. त्याला काही आठवडे लागतात, काहींना दोन-तीन महिनेही. आणि कवळी डबीत असेल तर हे शिक्षण बंद असतं, हा सगळा मुद्दा आहे.

सुरुवातीला तोंडाला लाळ सुटते, कारण तोंडाला वाटतं काहीतरी खायला आलंय. काहींना उबळ येते. हे कमी होतं. चव लागत नाही म्हणतात, तेही खोटं नाही. चवीचं मुख्य काम जिभेचं असलं तरी टाळू झाकल्यावर घासाचा स्पर्श आणि गरमपणा नीट कळत नाही. म्हणून चहा जरा निवू द्यायचा. आजीने पहिल्या दिवशी घसा भाजून घेतला होता, आणि ते तिने मला तीन आठवड्यांनी सांगितलं!

जेवणाचं तंत्र वेगळंच आहे. आपण एका बाजूने चावतो. कवळी घालून एका बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलली जाते. म्हणून छोटा घास, आणि थोडा डावीकडे थोडा उजवीकडे असा दोन्ही बाजूंनी एकदम चावायचा. समोरच्या दातांनी पेरू किंवा कणीस तोडायचं नाही, फोडी करून घ्यायच्या. पहिले काही दिवस मऊ भात, खिचडी, उपमा. मग आमटीत भिजलेली भाकरी. तीळ आणि खसखस मात्र कवळीखाली शिरतात आणि असे टोचतात की विचारू नका. चिक्कीचं तर नावच नको. शिवाय पूर्ण कवळीने चावण्याची ताकद खऱ्या दातांच्या पाव भागाच्या आसपासच असते, त्यामुळे “आता तरी भाकरी खा की” असं ताटावर बसून म्हणणाऱ्या काकांना आवरा.

टोचणं. नव्या कवळीने हिरडीवर फोड किंवा लाल चट्टा उठणं नेहमीचं आहे, डॉक्टर तेवढाच भाग घासून देतात. आमची चूक अशी, की दुखतंय म्हणून आजीने कवळी आठवडाभर काढून ठेवली आणि दाखवायला गेलो तेव्हा हिरडी बरी झालेली. डॉक्टरांना चट्टाच दिसेना! जायच्या आदल्या दिवशी थोडा वेळ तरी कवळी घालायची, म्हणजे नेमकी जागा दिसते. शेजारच्या आजोबांनी त्यांची कवळी घरी पॉलिश पेपरने घासली होती. ती आता कुठेच बसत नाही.

रात्री कवळी काढायची. हिरडीला विश्रांती लागते, नाहीतर खाली बुरशी वाढून टाळू लाल होतो. काढलेली कवळी साध्या पाण्यात ठेवायची, वाळू द्यायची नाही, आणि उकळतं पाणी तर बिलकुल नाही, आकार बिघडतो. टूथपेस्टही नको, तिने ओरखडे पडतात. मऊ ब्रश आणि थोडा भांड्यांचा लिक्विड साबण पुरतो, नंतर भरपूर धुवायचं. बेसिनमध्ये आधी पाणी भरून ठेवा. हातातून निसटली तर पाण्यात पडेल, फरशीवर नाही.

आता बोलणं. ‘स’ म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे अगदी अरुंद फट ठेवते. तिथे अचानक प्लास्टिकचा थर आला की फट बदलते, मग ‘स’चा ‘श’ होतो किंवा शिट्टी वाजते. उपाय एकच, मोठ्याने बोलत राहणं. मी आजीला फोन करून सॉरी म्हटलं आणि आकडे म्हणायला लावले. मराठीत एकसष्ट ते एकोणसत्तर म्हणजे ‘स’ची खाणच. वाती वळताना ती रोज म्हणायची.

अजून एक, हे कुणी आधी सांगत नाही. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त, आणि वरच्यापेक्षा खालचं जास्त. म्हणजे आज घट्ट बसलेली कवळी काही महिन्यांनी सैल होणार. तेव्हा आतून नवा थर देऊन घेता येतो. चिकटवायची क्रीम मिळते, पण नीट न बसणाऱ्या कवळीवर ती रोज थापत राहणं हा इलाज नव्हे.

परवा आजीने एकसष्टपासून सुरुवात केली आणि न थांबता एकोणसत्तरपर्यंत गेली. सदुसष्टला बारीक शिट्टी वाजली. या वेळी आधी ती हसली, मग मी. खालची डावी बाजू अजून टोचते. गुरुवारी दाखवायला जायचंय, आणि बुधवारी कवळी तोंडात हवी, हे मी तिला दोनदा सांगितलंय.